सायकल लावली का?

आमच्या घरात सायकल चालवणारं माणूस एकच आहे, आणि ते माणूस म्हणजे माझी सासू.

वय किती, ते विचारू नका. त्यांना विचारलं तर म्हणतात, "आधार कार्डावर असन." आधार कार्ड कुठं आहे विचारलं तर म्हणतात, "पेटीत असन." आणि पेटीची किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीला. (ही गाठ लक्षात ठेवा. पुढे याच गाठीनं आमची अब्रू बांधून ठेवली होती.)

आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. सासरे वारल्यावर अनसिंगचं घर पुतण्याच्या हवाली करून त्या वाशिमला आमच्याकडे राहायला आल्या. सामान किती, तर एक पेटी आणि माझ्या नणंदेची कॉलेजातली हिरवी लेडीज सायकल. मला वाटलं, भंगारात द्यायला आणली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगण झाडत होते, तर आत्याबाई सायकल घेऊन बाहेर आल्या. नऊवारी लुगड्याचा काष्टा एकदा चाचपला, पदर कमरेला खोचला, डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्या पायानं जमिनीला दोन टोले दिले आणि निघून गेल्या. मी झाडू धरून तशीच उभी. कोपऱ्यावर वळताना त्यांनी उजवा हात असा काही बाहेर काढला, की मागचा ऑटोवाला ऑटो बंदच करून बसला. त्या वळून दिसेनाशा झाल्या तरी त्याला पुन्हा चालू करायचा धीर होईना.

कुठं जातात, तर लीलामावशीकडे. लीलामावशी ही त्यांची पाठची बहीण, अकोला नाक्यापलीकडे मुलाकडे राहते. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मुलगा आणि सून दोघं कामावर, म्हणजे दुपारभर घरात ही एकटी. म्हणून आत्याबाई रोज जेवणं आटोपली की सायकल काढतात. तिला जेवू घालतात, वेणी घालतात, गावभरच्या गोष्टी सांगतात आणि दिवेलागणीच्या आत परत येतात. दोघी बहिणी लहानपणी बापाच्या एकाच सायकलवर शिकल्या होत्या. एकीनं पायडल मारायचं, दुसरीनं मागून कॅरिअर धरून पळायचं. "मी चालवो आन् लीली पये," असं आत्याबाई सांगतात.

आमचे दिलीपराव (म्हणजे माझे यजमान. एका पतसंस्थेत कारकून आहेत, आणि घरी आल्यावरही तेच आहेत) या सायकलीच्या पहिल्यापासून विरोधात.

"माय, पाटणी चौकात गर्दी पाह्यली काय किती रायते? कोणी ठोकलं म्हणजे?"

"काहून ठोकन? मी काय दिसत नाई?"

"पडशीन एखाद्या दिवशी."

"मोटारसायकलवरून तू पडला होता. मी कधी पडली?"

हे खरं होतं. दिलीपराव गणपतीच्या आधी शेणावरून घसरून पडले होते, तेही गाडी उभी असताना. पण कारकुनाला बोलण्यात हरवलं की तो नियम काढतो. ते म्हणाले, "ठीक हाय. चालव. पण एक बी लोचा झाला, सायकल ठोकली, पडली नाईतर चोरीले गेली, का सायकल सरळ अनसिंगले. तुह्या पुतण्याच्या पोरीले देऊन टाकू. मंग मले रडून सांगू नको."

आत्याबाईंनी विचार केला. "कबूल. ज्याचा लोचा, त्याची गाडी अनसिंगले."

"हो, हो," दिलीपराव म्हणाले. त्यांनी वाक्य नीट ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं, पण मला त्यातलं व्याकरण तेवढं आवडलं.

मी एकदा धीर करून आत्याबाईंना विचारलं होतं, की एवढ्या ट्रकांमधून जाता, भीती कशी वाटत नाही. तर म्हणाल्या, "डोयात पाहावं. डायवरच्या डोयात पाह्यलं का थो थांबतेच. ज्यानं आपल्याले पाह्यलं थो मारत नाई, बाप्पा. जो मारते त्यानं पाह्यलंच नसते." आणि खरोखर मी स्वतः पाहिलंय, पुसद नाक्यावर रेतीचा ट्रक होता, भरलेला. आत्याबाईंनी हात बाहेर काढला, मान वर केली आणि चष्म्यातून वर केबिनमध्ये पाहिलं. ट्रक थांबला. ड्रायव्हरनं आपोआप हात जोडले. आत्याबाईंनी "जयभीम" म्हटलं आणि शांतपणे पलीकडे गेल्या. मागे गाड्यांची रांग लागली होती, पण एकानं हॉर्न वाजवला नाही. मी या गावात किती वर्षं शिकवतेय, पण माझ्या वर्गातसुद्धा इतकी शांतता मी कधी अनुभवलेली नाही.

तर सांगायची गोष्ट ही, की आमच्या शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह आला.

मी मराठीची शिक्षिका. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमच्या घरची सायकल अख्ख्या वाशिमात प्रसिद्ध आहे. 'सुरक्षित सायकल आणि सायकलची सुरक्षा' यावर तुम्हीच बोला. प्रात्यक्षिकासाठी सायकलही आणा."

इथे एक बारीकशी बाब सांगायची राहिली. मला सायकल चालवता येत नाही. कधीच आली नाही. आजवर कोणी विचारलं नव्हतं म्हणून मी सांगितलं नव्हतं, आणि मुख्याध्यापकांनीही विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त आणायला सांगितली होती. मी म्हटलं, आणते.

आत्याबाईंकडून सायकल मागणं म्हणजे एखाद्याकडून त्याचा चष्मा मागण्यासारखं आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दुपारच्या आंधी आणशीन?"

"आज शनिवार, सकाळची शाळा. जेवायच्या वेळेला सायकल दारात."

"लीली वाट पाह्यते, सूनबाई. तिले टाइम समजते."

"आणीन म्हणते ना, आत्याबाई."

"आन् कुलूप?"

"माझं अर्धं भाषण कुलपावरच आहे," मी म्हणाले, आणि मुद्दाम आणलेलं नवंकोरं पिवळं कुलूप दाखवलं. चांगलं लांब, केबलचं, सापासारखं वेटोळं होणारं. आत्याबाईंनी ते हातात घेऊन ओढून पाहिलं. "म्हशीले बी पुरन," म्हणाल्या आणि सायकल दिली.

आता सायकल तर मिळाली, पण ती न्यायची कशी? हातात धरून. सकाळच्या थंडीत कडक इस्त्रीची साडी नेसून मी सायकल ढकलत निघाले. वाशिमची एक खोड आहे. इथं माणूस सायकलवर बसलेला असला तर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण सायकलसोबत पायी चालला की सगळं गाव काळजीत पडतं.

"पंक्चर झाली काय, मॅडम?"

"हो, हो."

"पंक्चर?"

"हो ना, नेमकी आजच."

हे "हो" फार महाग पडलं, कारण पुढच्या वळणावर गजूभाऊंचं पंक्चरचं दुकान. मी काही बोलायच्या आत त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली, उलटी केली, ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. दोघंही घमेल्यात पाहत बसलो. बुडबुडा नाही.

"पंक्चर नाई, मॅडम."

"मग हवा कमी असेल."

"हवा बी बराबर होती." गजूभाऊंनी ट्यूब बसवली, सायकल सरळ केली आणि मला विचारलं, "मंग ढकलून कायले राह्यल्या?"

"व्यायाम," मी म्हणाले.

गजूभाऊ सायकल माझ्या हातात देऊन मी कोपऱ्यावर जाईपर्यंत तिथंच उभे राहून बघत राहिले, कदाचित मी पुढे जाऊन बसेन या आशेनं.

भाषण मात्र रंगलं, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण त्या दिवशी माझ्या हातून झालेलं ते एकमेव धड काम. ब्रेक तपासा म्हणाले, ब्रेक दाबून दाखवला. घंटी वाजवा म्हणाले, वाजवून दाखवली. ही घंटीसुद्धा आत्याबाईंसारखीच. आधी "ट्रिंग" करते, मग जरा थांबून "टक्क" असं बजावते. मग मी मुख्य मुद्द्यावर आले. "मुलांनो, चोर सायकल चोरत नाही, आपला विसरभोळेपणा चोरतो." (टाळ्या.) "सायकल क्षणभर जरी नजरेआड होणार असेल तरी कुलूप लावा, आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा." पिवळं कुलूप मी चाकातून घालून खटकन लावून दाखवलं, उघडून दाखवलं. सातवीतली एक पोरगी उभी राहिली. "मॅडम, चालवून दाखवा ना." "वेळ कमी आहे," मी म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, वेळ आहे." मी म्हणाले, "मुलांच्या पोटात कावळे ओरडत असतील." आणि उरलेल्या वेळात शब्द शिकवावा म्हणून 'लावणे' हे क्रियापद घेतलं. दिवा लावणे, झाड लावणे, जीव लावणे, कुलूप लावणे. एकच शब्द, पण काय श्रीमंती, असं मी मुलांना डोळे मिटून सांगितलं. त्या श्रीमंतीनं मी दुपारच्या आत भिकेला लागणार होते.

शाळा सुटली आणि दिलीपरावांचा फोन आला. "चौकात ये. तुरीच्या शेंगा लय चांगल्या आल्या. मी बी पोहोचतो." सायकल ढकलून माझे दंड भरून आले होते, त्यामुळे दिलीपराव भेटले तर सायकल आधी तेच घरी नेतील, मोटारसायकलीचं मग बघू, असा माझा हिशेब. पाटणी चौकात पोहोचले तर दिलीपराव आधीच हजर, मोटारसायकल कडुनिंबाखाली उभी करून कमलाबाईंच्या हातगाडीवर शेंगा निवडत होते. त्या हातगाडीसमोर गाड्यांची एवढी गर्दी असते, की कमलाबाईंना गिऱ्हाईक दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला शेंगा. मी सायकल दिलीपरावांच्या मोटारसायकलला खेटून स्टँडवर उभी केली. पिवळं कुलूप हँडलला लटकत होतं, किल्ली कुलपातच. तेवढ्यात गर्दीपलीकडून दिलीपरावांनी ओरडून विचारलं,

"सायकल लावली का?"

"लावली," मी म्हणाले.

शेंगा घेतल्या. मग संभार (म्हणजे कोथिंबीर) घेतला, मग वांगी. मग दिलीपरावांना कुणीतरी ओळखीचं भेटलं, मग त्या ओळखीच्यालाही कुणीतरी भेटलं. परत आलो तेव्हा कडुनिंबाखाली मोटारसायकल होती. सायकल नव्हती.

मी चहूकडे पाहिलं. झाडामागे जाऊन पाहिलं. शेंगांची पिशवी उचलून तिच्याखालीही पाहिलं, यावरून माझ्या मनाची अवस्था लक्षात यावी.

"तू त म्हणत होती लावली," दिलीपराव म्हणाले.

"लावलीच होती. इथंच लावली होती, स्टँडवर."

"अवं, कुलूप! कुलूप लावलं का म्हणून इचारलं मी!"

"तुम्ही सायकल लावली का म्हणालात. कुलूप असतं तर 'लावलं' म्हणाला असता. कुलूप नपुंसकलिंगी आहे."

"मराठीची मास्तरीण तू हायेस का मी?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते त्या क्षणी माझ्या सोयीचं नव्हतं. आणि तेवढ्यात दिलीपरावांची नजर खाली गेली आणि त्यांच्या हातातली पिशवी गळाली. मोटारसायकलच्या पुढच्या चाकातून, कडुनिंबाच्या बुंध्याला वेढा घालून, माझं पिवळं कुलूप खटकन बंद होऊन बसलं होतं. किल्ली गायब.

आम्ही दोघं बराच वेळ त्याकडे पाहत राहिलो. चोर सायकल नेतो हे समजतं. पण जाताना दुसरी गाडी व्यवस्थित कुलूप लावून सुरक्षित करून जातो, हा कोणत्या जातकुळीचा चोर?

हळूहळू माणसं जमली. "कमलाबाई, इथून कोणी सायकल नेताना पाह्यलं का वं?" दिलीपरावांनी विचारलं. कमलाबाईंनी एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "सायकलीचं मले काय मालूम? पण हे कुलूप नगरपालिकेचं असन."

"नगरपालिकेचं?"

"नवीन नियम निंगाला म्हणते. अठी गाडी लावली का पिवळं कुलूप लावून जातेत. पयली तुमचीच घावली."

हे वाक्य कमलाबाईंनी एवढ्या मोठ्यानं म्हणायची काही गरज नव्हती. पण म्हणाल्या, आणि मग मी आयुष्यात पाहिला नव्हता तो देखावा पाहिला. "कुलूप लावून राह्यले बे!" असं कोणीतरी ओरडलं. चहाच्या टपरीवरून माणसं अर्धा कप टाकून धावली, केस कापून घेणारा एक जण गळ्यात पांढरं फडकं तसंच ठेवून धावला, आणि बघता बघता सगळ्या मोटारसायकली चौकातून पसार झाल्या. पाटणी चौक मोकळा झाला. रस्त्याला मध्यभागी एक पांढरी रेघ आहे, हे मला त्या दिवशी समजलं. वाहतूक पोलीस सावलीतून बाहेर आला, त्यानं टोपी काढली, आणि तो रिकाम्या चौकाकडे नुसता पाहत राहिला.

दिलीपराव त्याच्याकडे गेले. "साहेब, सायकल चोरीले गेली."

"कोणाची?"

"माह्या मायची. हिरवी, लेडीज."

"नऊवारीवाल्या आजी? हात दाखवून वयतेत त्या?" हवालदारानं घाईघाईनं टोपी पुन्हा घातली. "त्याइची सायकल गेली? आन् तुमी माह्यापाशी काय करून राह्यले? त्याइले काय सांगसान थे ठरवा पयले." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "मले सावलीत उभं पाह्यलं का म्हणतेत, उनात ये बाबू, पगार उनाचा हाय."

घरी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. दिलीपरावांचा चेहरा उतरला. "माय चालत गेली असन," ते म्हणाले. "सायकल आली नाई म्हणून पायीच गेली असन लीलामावशीकडं. गुडघे हे असे तिचे."

मोटारसायकल झाडाला बांधलेली, नेमका एकही ऑटो दिसेना. आम्ही शेंगांच्या पिशव्या घेऊन पायी निघालो. (वाटेत तीन जणांनी विचारलं, "गाडी पंक्चर झाली काय?") आधी आम्ही 'लावली' आणि 'लावलं' यावर भांडलो. मग अकोला नाका दिसायला लागला तसे झपाझप चालायला लागलो. मला सारखी लीलामावशी दिसत होती. खाटेवर, दाराकडे तोंड करून. तिला वेळ समजते, असं आत्याबाई म्हणाल्या होत्या. आणि मी त्या दोघींच्या दुपारा एका क्रियापदापायी घालवून बसले होते. मला खरंच रडू येत होतं, आणि दिलीपरावही नाकानं आवाज करत होते, पण ते म्हणाले धूळ आहे.

"वर्षा," ते म्हणाले, "सायकल भेटू दे फक्त. मी पुन्हा अनसिंगचं नाव नाई काढत."

"आणि नाही भेटली तर?"

"तं मी रोज दुपारी मायले सोडून देत जाईन. सायबाच्या पाया पडीन." हे एका कारकुनाच्या तोंडून आलेलं फार मोठं वचन होतं. मी त्यांच्या हातातली एक पिशवी माझ्याकडे घेतली.

लीलामावशीच्या गल्लीत वळलो आणि मी थांबले.

ट्रिंग. टक्क.

"ऐकलं का?" मी म्हणाले.

ट्रिंग. टक्क. आवाज रस्त्यावरून नव्हता, घरातून होता. दार नुसतं लोटलेलं. आत डोकावलो, तर खोलीच्या मधोमध, खाटेला अगदी चिकटून आमची हिरवी सायकल उभी. खाटेवर लीलामावशी उशांना टेकून बसलेली, वेणी नुकतीच घातलेली. तिचा चांगला, डावा हात हँडलवर, आणि अंगठ्यानं ती घंटी वाजवत होती. वाजली की हसायची. पायथ्याशी आत्याबाई भाकर कुस्करत बसल्या होत्या, आणि एका हातानं त्यांनी सायकलचं कॅरिअर धरून ठेवलं होतं.

"चाल, लीली, चाल," त्या म्हणत होत्या. "मी धरून राह्यली. पडू नाई देत."

दिलीपराव दारातच बसले. मीही बसले. इतके दिवस आम्हाला वाटत होतं, आत्याबाई सायकलवर बसून लीलामावशीकडे येतात. त्या रोज लीलामावशीसाठी सायकल घेऊन येत होत्या, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. या बाईसमोर आपण उभं तरी कसं राहायचं, असं मला झालं. म्हणून बसलेलंच बरं होतं.

"आले काय?" आत्याबाई मागे न पाहता म्हणाल्या. "शेंगा आणल्या?"

"माय, सायकल तू नेली?"

"मंग काय चोरानं नेली? वाट पाह्यली, सूनबाई काई आली नाई. म्हटलं बजारात असन, निंगाली पायी. पाह्यतो त काय, सायकल उघडी, आन् कुलूप हँडलले माळेवानी टांगून ठेवलं. किल्ली बी त्यातच." त्यांनी पदराची गाठ सोडली. पेटीच्या किल्लीशेजारी माझी छोटी नवी किल्ली. "म्हटलं, एवढं चांगलं कुलूप हाय, कोणत्या तरी गाडीले लागलं पाह्यजे."

"कमलाबाईनं पाह्यलं नाई तुले?"

"तिच्यासमोरच लावलं ना. ते म्हणे, मावशी, दोघाईले जरा फिरू द्या. माह्या गाडीसमोरची गर्दी बी हटन." आत्याबाईंनी घास लीलामावशीच्या तोंडाजवळ नेला. "आन् काय वं सूनबाई, तुले सायकल येत नाई? गजू सांगत होता, व्यायाम करून राह्यल्या म्हणे."

मी शेंगा सोलायला घेतल्या.

"बरं आता बोल, दिलीप," आत्याबाई पुढे म्हणाल्या. "सायकल पडली नाई. ठोकली नाई. चोरीले बी नाई गेली, मालकिणीपाशीच हाय. मंग लोचा कोणाचा झाला?"

दिलीपराव चपलेचा पट्टा तपासायला लागले.

"ज्याचा लोचा, त्याची गाडी अनसिंगले. हो म्हणला होता तू. मोटारसायकल कधी धाडतं?"

"माय, मी त फक्त इचारलं होतं, लावली का म्हणून."

"आन् मी फक्त लावली म्हणाले होते," मी म्हणाले.

ट्रिंग, लीलामावशीनं वाजवली. मग जरा थांबून, टक्क. तिचं मत आम्हाला समजलं.

शेवटी तडजोड झाली. मोटारसायकल वाचली, पण दर रविवारी सकाळी मी शाळेच्या मैदानावर सायकल शिकते. मागून कॅरिअर धरून आत्याबाई येतात, आणि "डोयात पाह्य, डोयात पाह्य," असं सांगतात, पण मैदानात डोळे फक्त कुंपणावर बसलेल्या पोरांचे असतात, आणि ते हसत असतात. आजवर मला पडू दिलेलं नाही. हात सोडला तर नाही ना, हे पाहायला मी मागे वळते, तेव्हा सायकल कुंपणात जाते, ही गोष्ट वेगळी.

आणि परवा शाळा तपासायला साहेब आले. माझ्या सातवीच्या वर्गावर येऊन बसले आणि मुलांना म्हणाले, "'लावणे' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. वेगवेगळ्या अर्थांनी." मला आनंद झाला, कारण हे तर मी शिकवलेलं. ती मघाचीच पोरगी उभी राहिली, 'चालवून दाखवा' म्हणणारी. घडाघडा म्हणाली,

"आमच्या मॅडमनं सायकल लावली, कुलूप नाही लावलं, आणि रस्ता सुरक्षा सप्ताहाची वाट लावली."

साहेब खूश. "वा. एकाच वाक्यात तीन अर्थ. शिक्षिकेनं चांगली मेहनत घेतलेली दिसते."

"हो साहेब," मी म्हणाले. "प्रात्यक्षिकासह शिकवलंय."